चिक वेब : मागच्या रांगेतला नायक

जाझ संगीताचा इतिहास लिहिताना १९३० नंतरच्या दशकाला स्विंगचे युग म्हणण्याची प्रथा आहे, आणि या युगाचे सम्राटपद शिकागोच्या बेनी गुडमन या क्लॅरिनेटवादकाला बहाल करण्यात आले आहे. गुडमनची योग्यता नाकारण्याचे कारण नाही. परंतु ११ मे १९३७ च्या रात्री न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील सॅव्हॉय नृत्यगृहात या सम्राटाचा, त्याच्या वैभवाच्या ऐन भरात, पराभव झाला होता. तो करणारा मनुष्य पाठीला कुबड असलेला, चार फुटांहून थोडीच अधिक उंची लाभलेला एक कृष्णवर्णीय ड्रमवादक होता. त्याचे नाव चिक वेब. हे नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

विल्यम हेन्री वेब याचा जन्म विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाल्टिमोर शहरातील एका गरीब कुटुंबात झाला. बालपणीच पाठीच्या कण्याला क्षयाने ग्रासले आणि शरीराची वाढ खुंटली. चिक म्हणजे पिल्लू. हे टोपणनाव त्याच्या ठेंगण्या देहावरूनच पडले. वर्तमानपत्रे विकून जमवलेल्या पैशांतून त्याने पहिले ड्रम घेतले. विशीच्या सुमारास तो जॉन ट्रूहार्ट या गिटारवादक मित्रासह न्यूयॉर्कला आला आणि १९२६ मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या साहाय्याने त्याने स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. पुढची काही वर्षे उपासमारीचीच होती. चांगले वादक मोठ्या वेतनासाठी सोडून जात. १९२८ साली एलिंग्टनकडे गेलेला जॉनी हॉजेस हा सॅक्सोफोनवादक हे त्याचे ठळक उदाहरण. अखेर १९३१ च्या सुमारास सॅव्हॉयमध्ये त्याला कायमचे ठाणे मिळाले.

सॅव्हॉय हे साधेसुधे करमणुकीचे ठिकाण नव्हते. लेनॉक्स अॅव्हेन्यूवर १९२६ साली उघडलेल्या या नृत्यगृहात गोरे आणि काळे एकाच फरशीवर नाचत, आणि त्या काळच्या अमेरिकेत ही मोठीच गोष्ट होती. तेथे दोन व्यासपीठे असत. एक वाद्यवृंद थांबताच दुसरा सुरू होई. साहजिकच दोघांची चढाओढ लागे आणि निवाडा नाचणारे करीत. अशा श्रोत्यांना फसवता येत नाही. ताल ढिला पडला की पाय थांबतात.

वेबला स्वरलेखन वाचता येत नसे. वाद्यवृंदाच्या नव्या रचना तो कानांनी ऐकून मुखोद्गत करी, इतक्या की कोणत्या वादकाचा कोठे चुकला हे त्याला अचूक कळे. उंच बैठकीवर बसून, आपल्या बेताने बसवून घेतलेल्या झांजा आणि पायाने वाजवायचा मोठा ड्रम यांच्या आडून तो जवळजवळ दिसेनासाच होई. आपल्याकडे तबलजीने ठेका धरून बसावे, फार तर गवयाने खूण केल्यावर एखादा तुकडा वाजवावा, अशी अपेक्षा दीर्घकाळ होती. जाझमध्येही ड्रमवादकाचे स्थान असेच होते. वेबने ड्रम हे वाद्यवृंदाचे सुकाणू केले. १९३७ च्या त्या रात्री समोर गुडमनचा जीन क्रूपा हा अमेरिकेतील सर्वांत गाजलेला ड्रमवादक होता. आपण हरलो, हे क्रूपाने पुढे आयुष्यभर मोकळ्या मनाने सांगितले.

मग सम्राटपद कोणाला? एडगर सॅम्पसन या वादकाच्या दोन रचना वेबने १९३४ मध्ये ध्वनिमुद्रित केल्या होत्या : स्टॉम्पिन् अॅट द सॅव्हॉय आणि डोंट बी दॅट वे. पुढे त्याच रचना गुडमनने वाजवल्या आणि देशभर गाजल्या त्या त्याच्या. दोन्हींच्या रचनाकारांत गुडमनचेही नाव लागले. १६ जानेवारी १९३८ रोजी कार्नेगी हॉलमधील त्याच्या ऐतिहासिक मैफलीचा आरंभ यांपैकी दुसऱ्या रचनेने झाला. त्याच रात्री वेब सॅव्हॉयमध्ये काउंट बेसीच्या वाद्यवृंदाशी झुंजत होता. गुडमनला खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. कृष्णवर्णीय वादकांना बरोबर घेऊन जाहीरपणे वाजवण्याचे धैर्य त्याने दाखवले होते. परंतु बड्या हॉटेलांची आणि प्रायोजित रेडिओ कार्यक्रमांची दारे कातडीचा रंग पाहून उघडत होती, हे सत्य त्याच्या सज्जनपणाने बदलत नाही.

ध्वनिमुद्रिकांनीही वेबला पुरता न्याय दिला नाही. १९२३ साली किंग ऑलिव्हरच्या मुद्रिका निघाल्या तेव्हा बेबी डॉड्स या थोर ड्रमवादकाला लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागले होते, कारण ड्रमचा आघात त्या यंत्रांना सोसत नसे. विद्युत ध्वनिमुद्रण आल्यावर परिस्थिती सुधारली, तरी तीन मिनिटांच्या तबकडीत सॅव्हॉयची रात्र कशी मावणार? १९३७ ची हार्लेम काँगो आणि १९३८ ची लायझा या मुद्रिकांत मात्र त्याच्या हातांची बिजली आजही स्पष्ट ऐकू येते.

त्याची सर्वाधिक खपलेली तबकडी निराळीच. १९३५ मध्ये एला फिट्झजेराल्ड ही निराधार, कपड्यालत्त्यांची आबाळ असलेली पोर त्याच्यासमोर आणली गेली, तेव्हा तिचे रूप पाहून त्याने आढेवेढे घेतले. येल विद्यापीठातील एका नृत्यसमारंभात तिला अजमावल्यावर मात्र तो विरघळला. त्याने तिला दत्तक घेतल्याची कथा पुष्कळ सांगितली जाते. ती खरी नाही. त्याने तिला काम दिले, आणि वाद्यवृंदाची मांडणी तिच्या आवाजाभोवती केली. १९३८ साली तिने एका बालगीतावरून बेतलेल्या अ-टिस्केट, अ-टास्केट या गाण्याने अमेरिका वेडी झाली. या गाण्यापायी वेबने कला बाजाराला विकली, असे काही समीक्षक म्हणतात. मंदीच्या दिवसांत डझनभर वादकांचे पगार ज्याला भागवायचे होते, त्याच्याविषयी असा निवाडा देणे मला पटत नाही.

त्यासाठी हा माणूस असह्य वेदना सोशीत गावोगाव हिंडत होता. १६ जून १९३९ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्याचे निधन झाले. वयाची चाळिशीही त्याने गाठली नव्हती. एलाच्या नावाने वाद्यवृंद १९४२ पर्यंत चालला. सॅव्हॉयची दारे १९५८ मध्ये कायमची बंद झाली. ज्या पूर्व बाल्टिमोरमध्ये तो वाढला, तेथील कृष्णवर्णीय मुलांसाठी १९४७ साली एक क्रीडाकेंद्र उघडण्यात आले आणि त्याला चिक वेबचे नाव देण्यात आले.