एगिडियस एलिंग

मुलांनो, दिवा म्हटला की तुम्हांला एडिसन आठवतो. विमान म्हटले की राइट बंधू आठवतात. एगिडियस एलिंग हे नाव मात्र तुम्ही कदाचित प्रथमच ऐकत असाल. नॉर्वे देशात आणि जगभरच्या यंत्रशास्त्राच्या अभ्यासकांत हे नाव फार आदराने घेतले जाते.

एलिंग यांचा जन्म २६ ऑगस्ट १८६१ रोजी नॉर्वेच्या राजधानीत झाला. त्या शहराला तेव्हा ख्रिस्तियानिया म्हणत. १९२५ पासून त्याला ऑस्लो म्हणतात. तेथील तांत्रिक शाळेतून ते १८८१ साली उत्तीर्ण झाले आणि तीनच वर्षांनी त्यांनी गॅस टर्बाइनचे पेटंट मिळवले. तेव्हा त्यांचे वय होते बावीस-तेवीस वर्षांचे!

गॅस टर्बाइन म्हणजे काय? आधी एक पंखा हवा दाबून आत भरतो. त्या दाबलेल्या हवेत इंधन जळते. तापलेली हवा जोराने बाहेर धावते आणि वाटेत पात्यांचे एक चाक फिरवते. हे चाकच हवा दाबणाऱ्या पंख्यालाही फिरवते.

खरी अडचण इथेच होती. समजा, एक माणूस रोज शंभर रुपये कमावतो आणि कामावर जाण्यायेण्यातच त्याचे शंभर रुपये खर्च होतात. मग त्याने घरी काय आणावे? त्या काळच्या यंत्रांचे असेच होत असे. चाकाची सारी शक्ती हवा दाबण्यातच संपे. जर्मनीत श्टोल्झे नावाच्या संशोधकाने मोठे यंत्र उभारले होते, पण तेही स्वतःच्या बळावर चालले नाही.

एलिंग स्वीडन आणि नॉर्वे येथील कारखान्यांत नोकरी करत राहिले. पेटंट कागदावर होते, यंत्र मात्र तयार नव्हते. एक नाही, दोन नाही, अशी एकोणीस वर्षे गेली. दुसरा कोणी असता तर त्याने तो नाद सोडून दिला असता.

शेवटी १९०३ साली त्यांचे यंत्र चालले. हवा दाबून झाल्यावरही त्यातून ११ अश्वशक्ती उरली. शेतातल्या विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप असतो ना? तसे दोन पंप चालतील, एवढीच ही शक्ती. पण गॅस टर्बाइनने खर्च भागवून काही शिल्लक टाकल्याची ही जगातली पहिलीच वेळ होती. मला तर ही ११ अश्वशक्ती फार मोठी वाटते.

पुढच्या वर्षी त्यांनी आणखी एक युक्ती केली. भाकरी झाल्यावर उरलेल्या विस्तवावर अम्मी पाण्याचे पातेले ठेवते, ते तुम्ही पाहिले असेल. उष्णता वाया का घालवायची? एलिंग यांनीही यंत्रातून बाहेर पडणाऱ्या गरम हवेने आत जाणारी हवा तापवली. नव्या यंत्राने ४४ अश्वशक्ती दिली.

पुढे मात्र वाट अडली ती धातूमुळे. हवा जितकी जास्त तापवावी तितकी शक्ती जास्त मिळते, पण तेवढी उष्णता सोसणारी पाती तेव्हा कोणी बनवत नव्हते. पहिल्या यंत्रात तर एलिंग यांना गरम हवेत वाफ मिसळून ती ४०० अंशांपर्यंत उतरवावी लागली होती. चांगला धातू मिळाला तर हे यंत्र विमानही चालवील, अशी त्यांना आशा होती. ही आशा १९३९ साली जर्मनीत खरी झाली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल शहरात गॅस टर्बाइनवर वीज तयार होऊ लागली. एलिंग तेव्हा हयात होते.

आज कपाटाएवढ्या लहान गॅस टर्बाइनही मिळतात. एखादे रुग्णालय किंवा हॉटेल आपल्याच आवारात ती बसवते. तिच्यातून वीज मिळते आणि बाहेर पडणाऱ्या गरम हवेवर पाणी तापते. वीज दूरच्या केंद्रात तयार झाली की तिथली बरीचशी उष्णता वायाच जाते. इथे मात्र इंधनाच्या दहा भागांपैकी सात-आठ भाग उपयोगी पडतात. या लहान यंत्रांत आत जाणारी हवा तापवण्याची एलिंग यांची युक्ती अजूनही वापरतात.

२७ मे १९४९ रोजी एलिंग यांचे निधन झाले. त्यांची यंत्रे ऑस्लोच्या तंत्रविज्ञान संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत.