पाटीलबाबांचा पाय

आमच्या दौंडहून भीमा ओलांडली की श्रीगोंदे तालुका लागतो. या श्रीगोंद्याला पूर्वी चांभारगोंदे म्हणत, आणि तेथे शिंदे सरदारांची जहागीर होती. माझे माहेर शिरूरचे. पाटीलबाबा हे नाव मी लहानपणी आजीकडून ऐकले. पण महादजी शिंदे जन्मभर लंगडत होते, हे मला कळले ते माझा स्वतःचा पाय अधू झाल्यावर.

पाच वर्षांपूर्वी बाजारातून येताना मी पडले. हाड मोडले, ते जुळलेही. दुखावली ती नस. डॉक्टरांनी समजावून सांगितले की, जखम भरली तरी दुखावलेली नस मेंदूकडे कळांचा निरोप धाडीतच राहते. पातळाचा काठ घोट्याला लागला तरी विस्तवाचा चटका बसावा तसे होते. दुखण्याच्या साध्या गोळ्यांना ही कळ फारशी दाद देत नाही. नसांची औषधे निराळी, आणि तीही पुष्कळदा अर्धेमुर्धेच काम करतात. बाहेरून पाय धडधाकट! त्यामुळे घरात कुणी बोलले नाही तरी, म्हातारीला काम टाळायचे आहे, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसे. त्या दिवसांत पडल्या पडल्या मी महादजींचे चरित्र वाचून काढले.

राणोजी शिंद्यांचे हे धाकटे चिरंजीव, पण लग्नाच्या बायकोचे नव्हेत. म्हणून घराण्यात मान जरा उणाच. जयाप्पा १७५५ साली नागोरला मारेकऱ्यांच्या हातून गेले, दत्ताजी १७६० साली बुराडीच्या घाटावर पडले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सारे संपले, तेव्हा महादजी घोडीवरून निघाले. एका अफगाण स्वाराने त्यांचा लांबवर पाठलाग केला, गुडघ्याजवळ परशूचा घाव घातला, अंगावरचे दागिने काढून घेतले आणि मेला समजून टाकून दिले. राणाखान नावाच्या भिस्त्याने त्यांना पाहिले आणि आपल्या पखालीच्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणले.

पाय मात्र गेला तो गेलाच. तो अफगाण पुढे कित्येकदा स्वप्नात येई, असे इंग्रज इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. हे वाचून मी पुस्तक मिटले. बाजारातला तो उतार मलाही अजून स्वप्नात दिसतो.

यानंतर तेहतीस वर्षे हा माणूस घोड्यावर आणि छावणीत राहिला. १७७२ साली शहाआलम बादशहाला दिल्लीच्या तख्तावर परत बसविले, १७७९ साली वडगावला इंग्रजांना नमविले, १७८२ चा सालबाईचा तह घडवून आणला. लढायांचे वर्णन इतरत्र पुष्कळ आहे, ते मी सांगत नाही. १७९२ साली पुण्याच्या दरबारात ते हत्तीवरून उतरून पायी गेले, सर्वांच्या खाली बसले आणि काखेतले नवे जोडे काढून पेशव्यांच्या पायांशी ठेवले. शहाणी मंडळी यात राजकारणी कावा पाहतात. असेल. मी आपली तो दुखरा पाय पाहते.

पण मला सर्वांत भावला तो राणाखान. मोठ्या माणसाला कुणी उचलून आणले, ही गोष्ट पुढे सहसा दडपली जाते. महादजींनी त्याला भाऊ म्हटले, सरदार केले. १७८८ साली गुलाम कादराने बादशहाचे डोळे काढले, तेव्हा दिल्लीकडे जी फौज गेली तिचा सेनापती हाच भिस्ती होता. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस वारले. तेथे त्यांची छत्री आहे.

मी सूनबाईचा हात कितीदा झिडकारला असेन! यंदाच्या हळदीकुंकवाला मंडळाच्या पायऱ्यांशी मी आपण होऊन तिचा हात मागितला, आणि वर गेल्यावर सर्वांदेखत खुर्चीही.