खडकीचा रंगरूट : रामा राघोबा राणे

परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले पहिले वीर म्हणून मेजर रामा राघोबा राणे यांचे नाव आपण ऐकलेले असते. मला मात्र त्या रणवीराइतकाच खडकीच्या छावणीतला बावीस वर्षांचा रंगरूट जवळचा वाटतो. आमच्या नामपूरकडची, सबंध बागलाणातली कितीतरी मुले फौजेच्या भरतीला जातात. पहाटे मालेगाव रस्त्यावर धावणारी ही मुले आपल्याच वर्गातली असतात. पण भरती झाल्यावर त्यांचे दिवस कसे जातात, हे घरी राहिलेले आपण क्वचितच विचारतो.

राणे मूळचे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. जन्म २६ जून १९१८. वडील पोलीस शिपाई. त्यांच्या सारख्या बदल्या होत, त्यामुळे मुलाचे शिक्षण जेमतेमच झाले. १९३० साली देशभर चळवळ पेटली, तेव्हा बारा वर्षांचा रामाही तिच्याकडे ओढला गेला. सरकारी चाकरीतल्या वडिलांना धास्ती वाटली आणि त्यांनी कुटुंब गावी आणले. गंमत अशी की, त्याच कारवार जिल्ह्यातल्या अंकोल्यात त्याच वर्षी मिठाचा सत्याग्रह गाजत होता!

दहा वर्षांनी, १० जुलै १९४० रोजी, हाच मुलगा इंग्रजांच्या फौजेत भरती झाला. युरोपात महायुद्ध भडकले होते आणि सरकारला माणसे हवी होती. चळवळीकडे ओढला गेलेला मुलगा परक्या राजाची शपथ कशी घेतो, असा प्रश्न कोणी विचारील. मला तो प्रश्न जरा पोटभरल्यांचा वाटतो. अर्धवट शिकलेल्या तरुणासमोर त्या काळी वाटा किती होत्या?

तो दाखल झाला बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्समध्ये. त्यांचे केंद्र पुण्याजवळ खडकीला. कारवारला तेव्हा रेल्वे नव्हती. कोकण रेल्वे आली ती १९९० नंतर. म्हणजे घाट चढून शेकडो मैल दूर यायचे आणि रजा मिळेपर्यंत घर विसरायचे. घरची बोली कोकणी, छावणीतली हिंदुस्तानी, हुकूम इंग्रजी. भोवती मराठा, शीख, मुसलमान अशी नाना मुलखांची पोरे. रोमन लिपीतले उर्दू गिरवणे हाही त्या काळच्या शिपायाच्या शिक्षणाचा भाग होता. मराठी पत्र लिहिणारा हात रोमन अक्षरे गिरवताना किती अवघडत असेल!

छावणीतला दिवस बिगुलावर उगवतो आणि बिगुलावरच मावळतो. कसरत, कवायत, बंदुकीची सफाई, लंगरातले जेवण, बुटांची चकाकी, संध्याकाळची हजेरी. पण सॅपरचे तेवढ्यावर भागत नाही. सॅपर म्हणजे फौजेचा बांधणारा आणि तोच फौजेचा तोडणारा. शिपायाची कवायत झाली की त्याची दुसरी शाळा सुरू होते. दोरांच्या गाठी, ओंडक्यांची बांधणी, खंदक खोदणे, नदीवर पूल टाकणे, रस्ता करणे, दारू भरून पूल उडवणे, पुरलेला सुरुंग हाताने शोधून निकामी करणे. बंदुकीचा नेम चुकला तर पुन्हा झाडता येते. सुरुंगाच्या कामात दुसरी संधी नसते. म्हणून तीच गाठ शंभरदा बांधायची, तीच वात शंभरदा जोडायची. या कंटाळवाण्या कामात शौर्य कुठे दिसत नाही, आणि घरी पत्रात लिहिण्याजोगेही काही नसते. राणे त्यात असे रमले की, आपल्या तुकडीत सर्वोत्तम रंगरूट ठरून त्यांनी मानाची कमांडंटची छडी मिळवली.

पुढे बढती मिळून नाईक झाले आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेले. तिथे बुथिडाँगला दारूगोळ्याचा साठा उडवून द्यायला त्यांना दोन तुकड्यांसह मागे ठेवले होते. न्यायला येणारे जहाज आलेच नाही. जपानी गस्त चुकवून, नदी ओलांडून त्यांनी माणसे परत आणली.

देश स्वतंत्र झाला. डिसेंबर १९४७ मध्ये ते अधिकारी झाले आणि ३७ फील्ड कंपनीत काश्मीरच्या युद्धावर गेले. ८ एप्रिल १९४८ रोजी नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढताना तोफगोळे पडले. दोघे ठार, पाच जखमी. जखमींत स्वतः राणे. तरी ते मागे फिरले नाहीत. पुढे पाइनची झाडे पाडून रस्ता अडवलेला, मोरी उडवलेली, वरून मशीनगनचा मारा. झाडे दारूने उडवायची, रणगाड्यांसाठी बगलेने वाट काढायची, सुरुंग उचलायचे, हे काम ११ तारखेच्या रात्रीपर्यंत चालले. रणगाड्याखाली सरपटत, दोराच्या खुणेने वरच्या चालकाला थांब-चल सांगत ते पुढे सरकले. ११ तारखेला चिंगसपर्यंतची वाट मोकळी झाली आणि मग फौज राजौरीला पोहोचली. तो दोर आठवला की मला खडकीची ती गाठींची शाळा आठवते.

१९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. भरतीला त्या वेळी चोपन्न वर्षे आणि एक दिवस झाला होता.