डंपरच्या कमाईवर ताशी २०० किलोमीटरने बोट पळवणारा गार वुड

रस्त्याच्या कामावर डंपर येतो, ड्रायव्हर आतनंच दांडा ओढतो, हौदा वर जातो आणि खडी खाली. रोजचंच दृश्य. पण हौदा तेलाच्या दाबाने उचलायची ही युक्ती ज्याने जोरात विकली, त्याने तो पैसा पाण्यात घातला. अगदी शब्दशः. त्याने बोटी बांधल्या.

हा गडी म्हणजे अमेरिकेचा गार वुड.

जन्म ४ डिसेंबर १८८०, आयोवा राज्यातला. महिनाभर आधीच गारफिल्ड राष्ट्राध्यक्ष आणि आर्थर उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले होते, म्हणून पोराचं नाव ठेवलं गारफिल्ड आर्थर वुड. वडील मिनेसोटातल्या तलावावर फेरीबोट चालवायचे. घरात भावंडांची रांग आणि पैशांची चणचण.

पुढे त्याने कोळशाचा ट्रक रिकामा करताना माणसं हाताने हँडल फिरवत घामाघूम होताना पाहिली. त्यातून हायड्रॉलिक लिफ्ट आली, पेटंट आलं, पैसा आला. गाड्यांच्या कारखान्यांचं शहर असलेल्या डेट्रॉइटमध्ये तो श्रीमंत झाला.

१९१६ मध्ये त्याने मिस डेट्रॉइट ही शर्यतीची बोट घेतली. ती बांधणाऱ्या ख्रिस स्मिथच्या धंद्यातही तो भागीदार झाला. १९१७ ते १९२१ सलग पाच वर्षं गोल्ड कप त्याच्याकडेच. १९२० मध्ये इंग्लंडला जाऊन हार्म्सवर्थ ट्रॉफीही घेऊन आला.

पहिलं महायुद्ध संपल्यावर विमानांची १२ सिलिंडरची लिबर्टी इंजिनं पडून होती. वुडने ती ढिगाने विकत घेतली आणि महॉगनी लाकडाच्या ३३ फुटी ‘बेबी गार’ बोटींत बसवली. विमानाचं इंजिन, त्यामुळे पेट्रोलचं विचारूच नका. पण १९२० चं दशक तेजीचं होतं, शेअर बाजार चढत होता, गिऱ्हाईक भाव विचारत नव्हतं.

१९२५ मध्ये तर त्याने हडसन नदीतून ऑल्बनी ते न्यूयॉर्क अशी ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड या नावाजलेल्या रेल्वेगाडीशी शर्यत लावली आणि जिंकली. यापेक्षा भारी जाहिरात कुठली?

स्मिथ मात्र १९२२ मध्येच वेगळा झाला होता. त्याच्या घरच्या कंपनीने, म्हणजे पुढच्या ख्रिस-क्राफ्टने, एकसारख्या बोटी भराभर बांधून स्वस्तात विकायला घेतल्या. वुड मात्र महागड्या मालावर ठाम राहिला.

मग १९२९ चा ऑक्टोबर आला. बाजार कोसळला.

आणि १९३० मध्ये वुडचा मिशिगनमधल्या मेरीसव्हिलचा नवा मोठा कारखाना उभा राहिला! यापेक्षा वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. बोट ही मंदीत माणूस सगळ्यात आधी विकतो अशी वस्तू. विकली तरी घेणारा कोण, आणि ठेवली तर वॉर्निश, इंजिन, गोदी यांचा खर्च चालूच. शेवटी वुडच्या कंपनीलाही १६ फुटी छोट्या बोटी काढाव्या लागल्या.

गंमत म्हणजे मालकाचा स्वतःचा शौक तसूभर कमी झाला नाही. १९३१ मध्ये ताशी १०० मैलांचा टप्पा पाण्यावर ओलांडणारा तो पहिला माणूस ठरला. १९३२ मध्ये, मंदीच्या अगदी तळाला, त्याने चार पॅकार्ड इंजिनांची, एकूण ४८ सिलिंडरची ‘मिस अमेरिका टेन’ ताशी १२४.८६ मैलांनी, म्हणजे सुमारे २०१ किलोमीटरने पळवली. सोबतीला नेहमीचे दोन टेडी बेअर. त्याच डेट्रॉइटमध्ये हजारो कामगार बेकार फिरत होते. हा माज वाटेल, आणि थोडा होताच. पण नदीकाठी फुकटात शर्यत बघायला लोटणारी गर्दीही याच शहराची होती.

हे जमलं, कारण वुडचं पोट बोटींवर नव्हतं. ट्रकची अवजारं विकली जात होती. १९३८ मध्ये त्याच्या कंपनीने कचरा दाबून भरणारी गाडी आणली. श्रीमंतांची बोट नसली तरी चालतं, कचरा उचलावाच लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर नॉर्मन बेल गेडेस या नामांकित डिझायनरकडून नव्या बोटी घडवून पाहिल्या. पण १९४७ मध्ये बोटींचा धंदा बंद झाला. पुढे फायबरग्लास आलं आणि दरवर्षी घासून वॉर्निश मागणाऱ्या महॉगनीची गरजच संपत गेली.

वुड फ्लोरिडात रमला. मायामीजवळचं अख्खं फिशर बेट त्याच्या मालकीचं होतं, ते त्याने १९६३ मध्ये विकलं. जून १९७१ मध्ये तो वारला. त्याच्या महॉगनी बोटी आज हौशी संग्राहक शोधून काढतात, सडलेल्या फळ्या बदलतात आणि वॉर्निशचे हात देत बसतात.