भट्टी आधी, खनिज नंतर!

‘चायना माल’ म्हटलं की आपण आधीच नाक मुरडतो. हॉस्टेलवरचा टॉर्च दोन दिवसांत बंद पडला, की ठपका ठरलेला! पण माल वाईट का निघतो, असा प्रश्न आपल्यापैकी कितीजण विचारतात? हा प्रश्न वेळेवर न विचारणं चीनच्याच एका मोठ्या माणसाला फार महागात पडलं. त्यांचं नाव झांग झिडोंग.

जन्म १८३७ चा. इंजिनिअर नव्हे, पक्के पंडित! १८६३ मध्ये राजदरबाराच्या परीक्षेत ते देशात तिसरे आले. पुढे कँटनला व्हाइसरॉय झाले. रेल्वे आणायची तर रूळही आपल्याच देशात बनले पाहिजेत, हा त्यांचा ध्यास. १८८९ मध्ये त्यांनी इंग्लंडहून भट्ट्या मागवायचं ठरवलं. तिकडून खनिजाचे आणि कोळशाचे नमुने मागितले गेले. पण खाणच ठरली नव्हती, तर नमुने कुठले? तुमच्याकडे वापरतात तसलीच यंत्रं पाठवा, असं कळवून साहेब मोकळे झाले, असं सांगतात.

त्याच वर्षी त्यांची बदली वूचांगला झाली. कारखानाही मागोमाग गेला, नदीपलीकडे हानयांगला. का, तर साहेबांना देखरेख करता यावी! खनिज मात्र शंभराहून जास्त किलोमीटर लांब, दायेला. कोक तर काही काळ थेट युरोपातून! तरीही १८९४ मध्ये भट्टी पेटली, जपानच्या यावाता कारखान्याच्या सात वर्षं आधी.

...आणि रूळ निघाले ठिसूळ! पैसाही संपला. १८९६ मध्ये कारखाना शेंग श्वानह्वाई यांच्याकडे सोपवावा लागला.

१९०४ मध्ये ली वेइग नमुने घेऊन परदेशी गेले, तेव्हा कुठे निदान झालं. दायेच्या खनिजात फॉस्फरस जास्त आणि बेसेमर कन्व्हर्टरचं अस्तर ॲसिडिक! अशा अस्तरात फॉस्फरस निघत नाही, त्याला चुन्याचा बेसिक स्लॅग लागतो. म्हणजे खनिज वाईट नव्हतं, भट्टीही वाईट नव्हती. जोडी चुकली होती. बेसिक सीमेन्स-मार्टिन भट्ट्या बसवल्या आणि १९०७ पासून त्याच खनिजातून चांगलं पोलाद निघू लागलं.

१९०९ मध्ये झांग गेले. २०२० मध्ये चीनने १०० कोटी टनांहून जास्त पोलाद काढलं, म्हणजे जगाच्या निम्म्याहून अधिक! माल चांगला की वाईट, हे देशाच्या नावावर नाही, टेस्टिंगवर ठरतं. तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी रीडिंग न घेताच जर्नल उतरवायला बसलात, तर झांगसाहेबांना जरूर आठवा!