ऑस्कर पेटिफोर्ड

ऑस्कर पेटिफोर्ड (जन्म : ३० सप्टेंबर १९२२, ओकमल्गी, ओक्लाहोमा, मृत्यू : ८ सप्टेंबर १९६०, कोपनहेगन, डेन्मार्क) हे अमेरिकन जॅझ संगीतकार, डबल बास व चेलो वादक होते. जॅझमध्ये चेलोला एकल व उत्स्फूर्त वादनाचे वाद्य म्हणून स्थान मिळवून देणाऱ्या आद्य वादकांत त्यांची गणना होते.

बालपण

त्यांच्या आईचे कुळ चोक्टॉ या मूलनिवासी जमातीतील, तर वडील चेरोकी व आफ्रिकन-अमेरिकन वंशाचे होते. पेटिफोर्ड कुटुंबाचा स्वतःचा वाद्यवृंद होता. त्यात लहानगे ऑस्कर आरंभी गात व नाचत. पुढे ते पियानो आणि वयाच्या चौदाव्या वर्षापासून डबल बास वाजवू लागले. संगीतावर उदरनिर्वाह होईना, म्हणून तरुणपणी त्यांनी काही महिने वादन सोडून कारखान्यात काम केले. ज्येष्ठ बासवादक मिल्ट हिंटन यांच्या आग्रहामुळे ते पुन्हा संगीताकडे वळले.

कारकीर्द

१९४३ मध्ये चार्ली बार्नेट यांच्या वाद्यवृंदातून ते न्यूयॉर्कला आले. त्याच वर्षी कोलमन हॉकिन्स यांच्या ध्वनिमुद्रणातील त्यांच्या एकल वादनाकडे जाणकारांचे लक्ष गेले. ओनिक्स क्लबमध्ये डिझी गिलेस्पी यांच्यासह त्यांनी चालवलेला संच बीबॉप शैलीच्या आरंभीच्या संचांपैकी एक होय. १९४५ ते १९४८ या काळात ते ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात होते. जिमी ब्लँटन यांनी बासला दिलेला स्वतंत्र स्वर पेटिफोर्ड यांनी पुढे विकसित केला.

चेलोवादन

१९४९ मध्ये, वुडी हर्मन यांच्या वाद्यवृंदात असताना, बेसबॉल खेळताना त्यांचा हात मोडला. बाससारखे अवजड वाद्य हाताळणे अशक्य झाल्याने ते चेलोकडे वळले. चेलोच्या लगतच्या तारांत एरवी षड्ज-पंचमाचे अंतर असते. पेटिफोर्ड यांनी त्या बासप्रमाणे षड्ज-मध्यमाच्या अंतराने, मात्र एक सप्तक वर जुळवल्या. त्यामुळे बासवर रुळलेली बोटे चेलोवरही सहज फिरू लागली. गजाऐवजी बोटांनी तारा छेडून ते स्वरविस्तार करीत. हॅरी बाबासिन यांनी १९४७ मध्येच जॅझ ध्वनिमुद्रणात चेलो वापरला होता. परंतु या वादनाला प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः पेटिफोर्ड यांच्यामुळे. १९५० मध्ये एलिंग्टन व बिली स्ट्रेहॉर्न यांच्या साथीने त्यांनी चेलोवर ध्वनिमुद्रणे केली. त्यांत बासची बाजू लॉइड ट्रॉटमन यांनी सांभाळली, म्हणून चेलोला मोकळेपणाने मुख्य धुन मांडता आली. हात बरा झाल्यावर ते पुन्हा बास वाजवू लागले, परंतु चेलो त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

संगीतरचना

'ट्रायकोटिझम', 'ब्लूज इन द क्लोझेट', 'लाव्हर्न वॉक' व 'बोहेमिया आफ्टर डार्क' या त्यांच्या प्रसिद्ध रचना होत. शेवटच्या रचनेचे नाव न्यूयॉर्कच्या कॅफे बोहेमियावरून आले आहे. तेथे त्यांचा संच वाजवीत असे आणि १९५५ मध्ये कॅननबॉल ॲडर्ली प्रथम रसिकांसमोर आले ते याच संचाबरोबर. १९५६-५७ मध्ये त्यांनी स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभारला. त्यात फ्रेंच हॉर्न व हार्प ही जॅझमध्ये क्वचित आढळणारी वाद्ये होती.

अखेरचा काळ

१९५८ मध्ये ते युरोपला गेले व कोपनहेगनमध्ये स्थायिक झाले. तेथे बड पॉवेल, केनी क्लार्क व स्टॅन गेट्झ यांच्यासमवेत त्यांनी वादन केले. १९६० मध्ये पोलिओसदृश विषाणूच्या आजाराने, अडतिसावा वाढदिवस अवघ्या २२ दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले. सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी जवळ केलेले वाद्य सॅम जोन्स, रे ब्राउन आणि रॉन कार्टर या पुढील बासवादकांनीही हाती घेतले.