शहाजी छत्रपती आणि नव्या राजवाड्यातील बंदुका

खडेबाजारातून कोल्हापूरला जाणारी आपली मंडळी आधी अंबाबाईचे दर्शन घेतात आणि मुले बरोबर असली की नवा राजवाडा दाखवून आणतात. मुले वाघ आणि गवे पाहून हरखतात, मोठी माणसे दरबार हॉलमधील काचचित्रांत शिवचरित्रातील प्रसंग शोधतात. शस्त्रांच्या दालनात मात्र सगळेच थोडे थांबतात. तलवारी, भाले, पिस्तुले, शिकारीच्या बंदुका, रायफली. सभासदांपैकी अनेकांनी हे पाहिले असेल. हे सर्व ज्यांच्यामुळे आपल्याला पाहायला मिळते, त्या शहाजी छत्रपतींच्या आयुष्याची ओळख मात्र आपल्याकडे फारशी नाही. ती करून द्यावी आणि त्या निमित्ताने घरातील शस्त्रांचे पुढे काय करायचे यावरही चार शब्द लिहावेत, म्हणून हा लेख.

शहाजी महाराजांचा जन्म 1910 सालचा. जन्माने ते कोल्हापूरचे नव्हेत. माळव्यातील देवास थोरली पाती या पवारांच्या संस्थानचे ते युवराज, आणि त्यांचे नाव विक्रमसिंह. देवासची गंमत अशी, की एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन राजे राज्य करीत. विक्रमसिंहांच्या आई अक्कासाहेब या राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या. म्हणजे ते शाहू महाराजांचे दौहित्र आणि कोल्हापूर हे त्यांचे आजोळ.

वडील तुकोजीराव पवार हे हुशार, रसिक आणि धार्मिक वृत्तीचे. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर हे 1921 साली काही महिने त्यांचे खासगी चिटणीस होते आणि पुढे त्यांनी देवासवर पुस्तक लिहिले. पण तुकोजीरावांचा प्रपंच आणि राज्यकारभार, दोन्ही विस्कटले. पती-पत्नीत दुरावा आला, अक्कासाहेब कोल्हापूरला परतल्या. 1927 च्या अखेरीस तरुण विक्रमसिंहांनी वडिलांचे घर सोडले. ही घटना त्या काळी देशभर गाजली. संस्थानावर कर्ज चढत गेले. शेवटी तुकोजीराव 1933 साली फ्रेंचांच्या ताब्यातील पाँडिचेरीला निघून गेले आणि 1937 च्या डिसेंबरमध्ये तिथेच वारले. विक्रमसिंह देवासच्या गादीवर बसले ते असा वारसा घेऊन. वडिलांनी मागचे काही निस्तरून ठेवले नाही तर मुलाच्या वाट्याला काय येते, हे त्यांनी सत्ताविसाव्या वर्षी अनुभवले.

दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात दाखल झाले आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीबरोबर परदेशी आघाडीवर गेले. या पलटणीचे केंद्र 1922 पासून आपल्या बेळगावात आहे, हे सभासदांना सांगायला नको. पुढे भारतीय सैन्याचा मेजर जनरल हा मानद हुद्दाही त्यांना मिळाला. शिकारीचा नाद तर त्या काळच्या बहुतेक राजांना होताच. कोल्हापूरच्या घराण्यात राजर्षी शाहू महाराज आणि राजाराम महाराज यांच्या वेळी चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करीत. दाजीपूरचे दाट जंगल हे घराण्याचे शिकारीचे राखीव रान होते. शहाजी महाराजही याच परंपरेतले, उत्तम नेमबाज. मारलेल्या जनावरांत पेंढा भरून घेण्याचे काम म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कंपनीकडे जाई. राजवाड्यातील ती जनावरे आजही जिवंत वाटतात.

ते कोल्हापूरला आले त्यामागे दोन मृत्यू आहेत. त्यांचे मामा राजाराम महाराज 1940 साली पुत्र नसताना वारले. मग गादीवर दत्तक घेतलेले बाल शिवाजी महाराज 1946 साली पाच वर्षांचे होण्याआधीच गेले. तेव्हा 1947 साली विक्रमसिंहांना दत्तक घेण्यात आले. देवासची गादी मुलगा कृष्णाजीराव यांना देऊन ते कोल्हापूरचे शहाजी छत्रपती झाले. राज्य मात्र फार दिवस राहिले नाही. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. आज आपल्या जिल्ह्यात असलेला रायबागचा भाग तोपर्यंत कोल्हापूर संस्थानातच होता, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही.

विलीनीकरणानंतर राजाकडे राहिले ते तनखा, काही मानमरातब आणि खासगी मिळकत. त्या मिळकतीत पिढ्यान्‌पिढ्या साठलेली शस्त्रे होती. 1962 साली त्यांनी आपला दौहित्र दत्तक घेतला. तेच आजचे शाहू महाराज. या दत्तकाला कोल्हापुरात मोठा विरोध झाला आणि शहरात दंगाही झाला. राजाराम महाराजांच्या कन्या पद्माराजे यांचा हक्क लोकांना मोठा वाटत होता. त्या वादात कोण बरोबर होते याची चर्चा इथे नको. एवढे मात्र खरे, की वारसाचा प्रश्न महाराजांनी आपल्या मागे सोडला नाही, हयातीतच सोडवला. लोकांचा राग पत्करून सोडवला.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे कायद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची. 1959 चा शस्त्र कायदा 1962 च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. 1971 च्या डिसेंबरमध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता संपली. 1972 साली त्यांच्या उरलेल्या विशेष सवलती काढणारा कायदा झाला. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ज्यांच्या घरी वाघाची कातडी, शिंगे, पेंढा भरलेली जनावरे होती त्यांना ती सरकारकडे जाहीर करावी लागली. पुराण वस्तूंचा कायदाही त्याच वर्षीचा, तो 1976 पासून अमलात आला. शिवाय 1953 पासून मृत्युकर होताच. माणूस गेला की मिळकतीवर कर बसे. तो 1985 साली रद्द झाला. थोडक्यात, राजा असो की सावकार, घरातील जुन्या मौल्यवान वस्तूंचा हिशेब आता सर्वांना सारखाच द्यावा लागणार होता.

अशा काळात, 1974 साली, महाराजांनी नव्या राजवाड्याच्या तळमजल्यावर संग्रहालय उघडले. त्यासाठी विश्वस्त संस्था केली. वरच्या मजल्यावर कुटुंब राहते, खालच्या मजल्यावर कोणीही तिकीट काढून जावे. मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार काळ्या दगडात 1877 ते 1884 या काळात बांधलेल्या या वास्तूत सामान्य रयतेला तोपर्यंत सहज प्रवेश नव्हता. आता शस्त्रे, हौदे, पोशाख, छायाचित्रे, शिकारीच्या खुणा सर्वांसमोर आल्या. संग्रहालयाला महाराजांचेच नाव आहे.

महाराज 9 मे 1983 रोजी वारले. त्याच वर्षी 22 जूनपासून शस्त्र कायद्यातील दुरुस्ती लागू झाली आणि एका व्यक्तीला तीनपेक्षा जास्त बंदुका बाळगता येणार नाहीत असे ठरले. 2019 साली ही मर्यादा दोनवर आली. या दोन तारखांमध्ये सहा आठवड्यांचे अंतर आहे. संग्रहालय त्याआधी नऊ वर्षे उभे होते. संस्थेलाही नोंदी, परवानग्या, पहारा हे काही चुकत नाही. पण मालक वारला म्हणून संस्था वारत नाही, आणि वारसांना एकेक बंदूक घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत. संग्रह फुटत नाही, हा तर सर्वांत मोठा फायदा.

आता आपल्या घरांकडे वळू. आपला भाग फौजी लोकांचा. आजोबांनी सैन्यातून निवृत्त झाल्यावर परवाना काढून घेतलेली बारा बोअरची बंदूक, खानापूर-चंदगडकडील शेतात रानडुकरांपासून पीक राखायला घेतलेली ठासणीची बंदूक, जुन्या देसाई-इनामदार घराण्यातील चारदोन हत्यारे, असे पुष्कळ घरांत आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होतात, निकाल लागला की परत येतात. घरमालक हयात आहे तोवर सगळे सुरळीत चालते. तो गेला की कोणालाच काही माहीत नसते.

बँकेत मयत खातेदारांचे दावे हाताळताना एक गोष्ट नेहमी दिसे. भांडण पैशावरून होते असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ते कागद नसल्यामुळे होते. ठेवीची पावती कुठे आहे, नॉमिनी कोण, हे जाणाऱ्याने सांगितले असेल तर चार सह्यांत काम होते. बंदुकीचे त्याहून कडक आहे. ठेवीची पावती दहा वर्षे कपाटात राहिली तर फार तर व्याज बुडेल. मयत माणसाच्या नावाची बंदूक दहा वर्षे कपाटात राहिली तर मुलगा गुन्हेगार ठरू शकतो.

कायदा असा आहे. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नसतो. परवानाधारक वारला की वारसाने ती बंदूक आणि काडतुसे विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी आणि पावती घ्यावी. त्यानंतर वारसाला आपल्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो, किंवा परवाना असलेल्या माणसाला अथवा विक्रेत्याला ती विकता येते. मृत्युपत्रात बंदूक अमक्याला द्यावी असे लिहिल्याने मालकी ठरेल, परवाना मिळणार नाही. तो वेगळा काढावाच लागतो. इतर वारसांची ना-हरकत लागते, म्हणून भावंडांत आधीच बोलणे झालेले बरे.

2016 च्या नियमांत एक चांगली सोय आहे. परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षे झाली, की तो हयातीतच आपल्या वारसाच्या नावे परवाना देण्याविषयी अर्ज करू शकतो. आपल्या सभासदांत सत्तरी ओलांडलेले अनेकजण आहेत. त्यांनी याचा विचार जरूर करावा. मुलांना बंदूक नकोच असेल, आणि हल्ली बहुतेकांना नको असते, तर स्वतःच्या हातांनी ती विकून टाकावी किंवा रीतसर जमा करावी. दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा जुन्या हत्याराला शस्त्र कायदा लागू होत नाही, पण ते आपण घरबसल्या ठरवू नये. पोलिसांकडून खात्री करून घ्यावी. वस्तू खरोखर ऐतिहासिक असेल तर संग्रहालयाशी बोलावे.

एका साध्या वहीत पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात: शस्त्राचा प्रकार आणि क्रमांक, परवान्याचा क्रमांक आणि मुदत, खरेदीची पावती कुठे आहे, काडतुसे किती आहेत, आणि आपल्या मागे ते कोणाकडे जावे. ही वही कुठे आहे ते घरातील दोघांना तरी माहीत असावे.

शहाजी महाराजांनी राज्य जाताना पाहिले, तनखा जाताना पाहिला, शिकारीचा जमानाही संपताना पाहिला. दाजीपूरचे ते शिकारीचे रान 1958 सालीच अभयारण्य झाले आणि तिथले गवे आज निर्धास्त चरतात. ज्या बंदुका त्या रानात घुमत होत्या त्या काचेच्या कपाटात आहेत, प्रत्येकीचा पत्ता ठरलेला आहे. पुढच्या खेपेला मुलानातवंडांना घेऊन नव्या राजवाड्यात जाल, तेव्हा त्या दालनात त्यांना हेही सांगा. आणि परत आल्यावर आपल्या कपाटातील परवान्याची मुदत एकदा पाहून घ्या.